उजव्या डोळ्याचा नवरा

माणूस चुकतो आणि यंत्र ती चूक दाखवतं. दाखवणाऱ्याची चूक काढायची नसते, हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे. मी चौथीपर्यंतच शिकले, तरी मला हे पटलं. आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचं ताट दिसेना. अशात सरकारी इस्पितळाने नोंदणी ऑनलाइन केली, तेव्हा मी समाधानाने मान डोलावली. (ह्यांनीही डोलावली, पण भिंतीकडे बघून.)

फॉर्म फार शिस्तीचा. एकेक माहिती उंबऱ्यावर अडवून तपासणार. पत्ता भरला, तर लाल अक्षरं: 'घर क्रमांक आवश्यक'. आमच्या घराला क्रमांकच नाही. सुनेने शून्य टाकलं, लगेच हिरवी खूण. म्हणजे घर नसलं तरी चालेल, रकाना रिकामा नको. पुढे 'डोळा': डावा किंवा उजवा. दोन्ही निवडले की 'कृपया योग्य डोळा निवडा'. देवाने दोन देऊन घोळ घातला, त्याला यंत्र काय करणार?

थोरल्या मुलाने डावा भरून बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, मग आलं, 'काहीतरी चुकलं आहे.' काय चुकलं, कोणाचं चुकलं, हे न सांगण्याचा मोठेपणा मी आजवर फक्त माझ्या सासूबाईंत पाहिला होता. पुन्हा दाबल्यावर जतन झालं. उजवा भरायला गेलो, तर 'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे'. थोरला शिकलेला, त्यामुळे त्याला खोटं लगेच सुचलं. त्याने बापाचं वय दोन वर्षांनी उतरवलं आणि यंत्राने हूं की चूं न करता घेतलं. (आजवर खरं भरलेलं बरंच फेटाळलं गेलं, खोटं एकही नाही.) अशा रीतीने माझ्या पदरी दोन नवरे आले: मोठा डाव्या डोळ्याचा, धाकटा उजव्याचा.

डावा डोळा झाला. पट्टी सुटल्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "किती म्हातारी झालीस गं." (शस्त्रक्रिया यशस्वी.)

उजव्याच्या तारखेला मात्र खिडकीतल्या बाईंनी अडवलं. एकाच पत्त्यावर एकाच नावाचे दोन रुग्ण, तेव्हा दोघांनी एकत्र हजर व्हावं.

"आजी, दुसरे आजोबा कुठायत?"

"बाई, मला एकच झेपला नाही. दुसरा कुठून आणू?"

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, धाकट्यांची नोंद काढून टाका, मग मोठ्यांच्या नोंदीत उजवा डोळा मी इथून घालते. नाहीतर नंबर पुढच्या वर्षी. काढण्याचं कारण निवडणं सक्तीचं: स्थलांतर किंवा मृत्यू. 'चुकून भरलं' हा पर्याय नाही, कारण यंत्रात चुकीचं काही शिरतच नाही. स्थलांतराला नव्या घराचा पुरावा हवा होता. मृत्यूला काही नको, नुसतं बटण.

तरी नवऱ्याला विचारल्याशिवाय असलं काही करू नये, म्हणून विचारलं. हे बाकावर चहा पीत होते. म्हणाले, "मार. पण नीट बघून मार, डाव्याला हात लावू नकोस."

मारला. एका दाबात जतन, हिरवी खूण, कसली कुरकुर नाही. पुढच्याच आठवड्यात उजवा डोळाही झाला, आणि आता ह्यांना कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात.

तुम्ही म्हणाल, अडाणी बाईने खोटं भरलं. खुशाल म्हणा. मी एक नवरा एकदाच मारला, तोही त्याला दिसावं म्हणून. ऑफिसच्या रजेच्या अर्जात तुम्ही आपली आजी आजवर किती वेळा मारलीत?