खुनी पोस्टमास्तर की कंपाउंडर?

पन्नास पानांच्या आत सुखदेव बनसोडे यांना ज्यातला खुनी सापडला नाही, असं पुस्तक अजून छापखान्यातून बाहेर पडलेलं नव्हतं! निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून खून, विषप्रयोग आणि बंद खोलीतली प्रेतं यांशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नसे. दर रविवारी सकाळी ते 'रहस्यवाचक मंडळ' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक परीक्षण टाकत, आणि दोनशे बारा सभासद ते मिटक्या मारत वाचत.

पण खरं सांगायचं, तर ही परीक्षणं एकाच सभासदासाठी लिहिलेली असत. ती म्हणजे त्यांची लेक चैताली. ती शाळेत असताना बापलेक एकच कादंबरी आळीपाळीनं वाचत, आणि खुनी कोण यावरून जेवताना इतके भांडत की आमटी गार होऊन जाई. आता ती हिंजवडीला नोकरी करत होती. वारज्याहून हिंजवडी ती काय लांब! पण ट्रॅफिकला कंटाळून तिनं तिकडेच खोली घेतली, आणि तेव्हापासून शेजाऱ्यांचा अमेरिकेतला मुलगा तिच्यापेक्षा जास्त वेळा घरी येऊ लागला. परीक्षणाला उत्तर म्हणून तिचा एक पिवळा अंगठा यायचा, बस्स. फोनवर काय त्या मायलेकीच बोलत. सुखदेवरावांना त्या भांडणांची फार फार आठवण यायची.

म्हणून त्यांनी बेत रचला. चैतालीला चुकीचं उत्तर सहन होत नसे. परीक्षणात चुकीचा खुनी लिहिला की ती भांडायला फोन करणारच! तिनं कादंबरी वाचली असेल का? असेलच, असं त्यांनी मनाला सांगून टाकलं.

ग्रुपवर आधीच जाहीर झालेली त्या आठवड्याची कादंबरी होती 'घाटातला दवाखाना'. तीत डॉक्टरचा खून होतो आणि खुनी निघतो कंपाउंडर. सुखदेवरावांनी बेधडक लिहिलं : "वातावरण झकास. मधली साठ पानं पाणी घातलेल्या ताकासारखी. शेवटी पोस्टमास्तर खुनी निघतो, हे मात्र आम्ही आधीच ओळखलं होतं." पाठवलं, आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

फोन वाजला! पण तो शमशुद्दीनभाईंचा होता. ते कर्वेनगरला लायब्ररी चालवत आणि हा ग्रुपही तेच सांभाळत.

"बनसोडे साहेब, खुनी सांगून टाकलात? खुनी सांगायचा नाही, हा नियम तुम्हीच केलेला ना!"

"अहो भाई, पण तो खुनी नाहीच."

"म्हणजे खोटा सांगितलात? हे तर त्याहून वाईट!"

तोवर ग्रुपवर रणधुमाळी माजली. पुस्तक न वाचलेले म्हणाले, मजा घालवली. वाचलेले म्हणाले, बनसोडेंनी पुस्तक उघडलंच नाही. आणि वाचून विसरलेल्यांचा तिसरा गट पोस्टमास्तरवरच अडून बसला. लोणी काळभोरच्या संभाजीरावांनी तर लिहिलं, "पोस्टमास्तरच हाय! म्या दोनदा वाचलंय!" दुपारपर्यंत एकवीस जण ग्रुप सोडून गेले. साऱ्या पुण्याचे फोन आले; चैतालीचा नाही. अंगठासुद्धा नाही! सुखदेवराव आंघोळीलाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले.

"अहो, इतकी वाट माझी कधी पाहिली नाहीत," प्रेमलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात चैताली! हातात बॅग, डोळे लाल. कामाच्या दिवशी! सुखदेवरावांना नाचावंसं वाटलं.

"पप्पा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज वार कोणता?"

"सोमवार. का गं?"

"तुम्ही कंपाउंडर विसरलात. तुम्ही! मी रात्रभर झोपले नाही. चार वाजता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"कोथिंबीर आणायला तीस वर्षं विसरतात," प्रेमलाबाई आतून म्हणाल्या, "तेव्हा नाही कुणी डॉक्टर गाठला!"

खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण चैतालीनं त्यांचा हात धरला, आणि गरज पडली तर महिनाभर इथूनच काम करीन म्हणाली. महिनाभर! सुखदेवरावांनी तोंड मिटलं.

डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले : चावी, केळं, पाटी, बैल, छत्री. थोड्या वेळानं म्हणाले, "आता सांगा पाहू."

बरोबर सांगितले तर लेक संध्याकाळीच परत. चुकवले तर महिना! सुखदेवरावांनी बाजूला पाहिलं. चैतालीचे ओठ आवाज न करता हलत होते. त्यांना आठवावं म्हणून ती तेच पाच शब्द घोकत होती. त्यांनी पाचही शब्द सांगितले, मग उलटे सांगितले, आणि मग सगळा कबुलीजबाबच देऊन टाकला.

डॉक्टरांनी फाईल मिटली. "यावर माझ्याकडे औषध नाही," ते म्हणाले. "आणि ती कादंबरी मी अर्धीच वाचली होती!"

दोघं रिक्षात बसले.

"सगळी पुस्तकं वाचते मी," चैताली म्हणाली. "कंपनीच्या बसमध्ये. तुमचं परीक्षण यायच्या आत संपवते."

सुखदेवराव तिच्याकडे वळले. "मग नुसता अंगठा का गं? फोन करायचा ना, भांडायचं!"

"करते ना! दर वेळी! तुम्ही म्हणता, 'बरं आहे, मम्मीला देतो.' दोन वाक्यांत फोन मम्मीकडे! मी कुणाशी भांडू?"

शेकडो कादंबऱ्यांतले खुनी पकडणाऱ्या माणसाला घरातला गुन्हेगार सापडला नव्हता. खूप बोलायचं होतं. मला तुझ्यावाचून करमत नाही, हे तर आजच, आत्ताच सांगायचं होतं. त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून प्रेमलाबाई विचारत होत्या, काय म्हणाले डॉक्टर?

"बरं आहे," सुखदेवराव म्हणाले. "चैतालीला देतो."