सोळा तारा, आठ तारा

तात्या संगणकावर नव्या वजनकाट्याचं सर्किट काढत होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. तात्याचं वय चौतीस. पण प्रत्येक रेघ मारण्याआधी तो चष्मा पुसायचा, म्हणून ऑफिसात तो तात्याच. वजन मोजणाऱ्या चिपमधून सोळा तारांचा जुडगा निघत होता. अशा जुडग्याला त्या धंद्यात ‘बस’ म्हणतात. ही बस आकडे दाखवणाऱ्या चिपच्या बसला जोडायची होती.

“अहो, पडदा रुंद आणि खिडकी अरुंद झालीये. तरी लावू का?”

त्याच क्षणी संगणकाच्या पडद्यावर सूचना आली : दोन्ही बसची रुंदी जुळत नाही. तरीही जोडायचं?

“हो,” तात्या म्हणाला, आणि त्याने बटणही दाबलं.

दुसरी बस त्याच्या हातून आठच तारांची काढली गेली होती. सॉफ्टवेअर आज्ञाधारक होतं. त्याने आठाला आठ जोडल्या आणि उरलेल्या आठ वाऱ्यावर सोडल्या.

काटा तयार झाला. वर्कशॉपात सगळी मिळून वीस किलोची वजनं होती. वीस ठेवले, वीस दिसले. मालकांनी तात्याची पाठ थोपटली आणि मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना काटा बघायला बोलावलं. दोनशे काट्यांची ऑर्डर होती. ती हुकली तर वर्कशॉपला टाळं लागणार होतं.

मालक स्वतः काट्यावर चढले. आकडा आला : पंधरा पूर्णांक दोन.

“फरशी जरा उतरती आहे,” मालक म्हणाले.

डॉक्टरीणबाई चढल्या. एक पूर्णांक सहा.

“जन्मले तेव्हासुद्धा मी याच्या दुप्पट होते,” त्या म्हणाल्या.

मालकांनी घाईघाईने रिसेप्शनवरच्या ताईंना बोलावलं. त्या चढल्या आणि आकडा आला शून्य.

“मला काढून टाकायचं असेल तर सरळ सांगा ना,” ताई म्हणाल्या.

“हवेत ओलावा आहे,” मालक म्हणाले. “शिवाय वरचा पंखा...”

तात्याने चष्मा पुसला. “फरशी नाही, पंखा नाही. चूक माझी आहे,” तो म्हणाला. “सोळा तारांचं काम मी आठ तारांवर टाकलं. आठ तारांत साडेपंचवीस किलोच मावतात, त्यापुढे काटा पुन्हा शून्यापासून मोजतो. सॉफ्टवेअरने विचारलं होतं. मी हो म्हटलं.”

“का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बायकोला म्हणत होतो.”

मालकांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी पर्स उचलली आणि त्या दारापर्यंत जाऊन वळल्या.

“याआधी दोन कंपन्यांचे काटे पाहिले. तेही चुकले. तिथे फरशी होती, वीज होती, एके ठिकाणी तर माझ्या चपला होत्या. चूक करणारा माणूस कुठेच नव्हता. पंधरा दिवसांनी येते.”

पंधरा दिवसांनी त्या आल्या, नव्याने बनवलेल्या काट्यावर आधी स्वतः चढल्या, नंतर ताईंना चढवलं, आणि ऑर्डरवर सही करून गेल्या.

ऑफिस रिकामं झाल्यावर मालक हळूच काट्यावर चढले. ब्याण्णव. उतरले, चपला काढल्या, पुन्हा चढले. ब्याण्णव.

“तात्या,” ते काट्यावरूनच म्हणाले, “त्या आधीच्या काट्याचं काय केलंस रे?”