नाना सोमणांची चैत्रगौर

नाना सोमणांची आणि माझी पहिली भेट गच्चीत झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या साडीला नंबर दिला. मी साडी वाळत घालून बादली उचलते, वळते, तर एक उंच शिडशिडीत म्हातारा माझ्या साडीचा काठ चिमटीत धरून उन्हात न्याहाळतोय! त्यानं काठ चोळला, नाकाशी नेऊन हुंगला आणि मान हलवत म्हटलं, "नंबर तीन. दोन धुण्यांनंतर चार."

मी नाशिकची. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले, नवऱ्याची बँकेतली बदली थेट कलकत्त्याला, आणि ही साडी माझ्या आईनं स्वतः येवल्याला जाऊन निवडून आणलेली. माझं टाळकंच सरकलं. "तुम्ही कोण हो, माझ्या साडीला नंबर देणारे?"

"अरे वा, मराठी!" म्हातारा एकदम खुलला. "मी तुझ्या खालच्याच मजल्यावरचा सोमण. नाना म्हण. मराठी आहेस तर साडीला पावणेतीन देऊ!"

बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये नानांनी चौतीस वर्षं ताग पारखला होता. गासडी फोडायची, मूठभर ताग ओढायचा, चिमटीत चोळायचा, हुंगायचा, उजेडात धरायचा आणि नंबर सांगायचा; एक सर्वांत सरस, पुढं उतरता. एवढीच नोकरी. रिटायर झाल्यावर ताग सुटला, चिमूट काही सुटली नाही. आमच्या ह्यांच्या टायला त्यांनी चार दिला, गडियाहाटच्या मासळीवालीच्या आवाजाला दोन, आणि शेजारच्या चटर्जींच्या नव्या नातवाचा गाल चिमटीत धरून तीन. नातवाच्या आजीनं महिनाभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

ते दिवस सत्तर-एकाहत्तरचे. कलकत्त्यात कोरी भिंत सापडत नव्हती. बालीगंजमधल्या आमच्या कोपऱ्यावर काही तरुण लाल रंगात घोषणा रंगवत होते आणि शहाणी माणसं नजर चुकवून पलीकडच्या फुटपाथनं जात होती. नाना थांबले. ओल्या अक्षराला बोट लावलं, चोळलं आणि अस्सल बंगालीत म्हणाले, "नंबर पाच. डिंक घाला बाबांनो, नाहीतर पहिल्या सरीत क्रांती गटारात जाईल." त्यांनी डिंक घातला! त्यानंतर ती मंडळी नाना दिसले की उठून उभी राहायची.

पण नानांना खरं उधाण यायचं ते वसंतात. सरस्वतीपूजा झाली रे झाली की सकाळी सात वाजता आमचं दार बडवलं जायचं. "सूनबाई! दार उघड! तलावावर आज फक्त सात टोप्या!"

पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी बुडालं. पण टोप्या म्हणजे माकडटोप्या. तलावावर सकाळी फिरायला येणारे बंगाली बाबू थंडीभर डोळे आणि नाक तेवढं उघडं ठेवून लोकरीच्या माकडटोपीत फिरतात, आणि नाना रोज त्या टोप्या मोजत. "काल अकरा होत्या, आज सात! आलाच समज वसंत!" मग पाच, मग तीन. शेवटची टोपी एका रिटायर झालेल्या जज्जसाहेबांची असे. ती ज्या दिवशी उतरली त्या दिवशी नाना खजुराच्या गुळाच्या संदेशांचा पुडा घेऊन जिन्यातूनच ओरडत आले, "खाऊन घे! हा गूळ आता थेट पुढच्या थंडीत!"

माणूस सत्तरीचा, पण वसंतात सतरा गोष्टींची खबर. "कावळ्यांनी घरटं घेतलंय बांधायला. काटक्या कमी नि तारा जास्त! काळ बदलला सूनबाई, कावळ्यांचंसुद्धा बांधकाम पक्कं झालं." "कोकीळ पहिल्या ट्रामच्या आधी सुरू झाला आज, आवाज नंबर दोन." "दक्षिणेचा वारा सुटलाय, चटर्जी विनाकारण हसला माझ्याकडे बघून!" एकदा मी म्हटलं, "नाना, एवढ्या पहाटे उठवतं कसं हो तुम्हाला?" तर म्हणाले, "म्हातारपणी झोप कमी होते. तेवढा वसंत जास्त मिळतो."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आंब्याचा मोहोर. "मोहोर फुटला!" "कैरी बाजरीएवढी झाली!" "वाटाण्याएवढी झाली!" आमच्या बिल्डिंगच्या मागं चांगला डेरेदार आंबा होता. मी म्हटलं, "नाना, याचाही मोहोर बघा की." त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्यांचा आंबा दोन ट्राम-स्टॉप पलीकडं होता आणि रोज सकाळी ते चालत तिथं जात. मी म्हटलं, असतं एकेकाचं खूळ.

गुढीपाडव्याच्या संध्याकाळी नाना वर आले, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि म्हणाले, "यंदा मी चैत्रगौर मांडतोय."

नानांची बायको, सोमणकाकू, जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात गौर पाळण्यात बसली नव्हती. मी म्हटलं, "मांडाल हो, पण बायकांना हळदीकुंकू कोण लावणार?"

"तू."

"आणि आंबेडाळ, पन्हं?"

"मी वाटतो डाळ. तू बघ."

"बायका किती?"

"साठ."

मी उडालेच! "साठ? अहो, आपल्या ओळखीच्या मराठी बायका मोजून पंधरा भरतील!"

"मराठीच कशाला? बंगाली बोलाव, मद्रासी बोलाव, मारवाडी बोलाव. दिसेल ती बाई बोलवायची!" नाना उठून फेऱ्याच घालायला लागले. "घर नुसतं गजबजलं पाहिजे, सूनबाई!"

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "नाना, साठ साड्यांना नंबर द्यायला लागलात तर पोलीस येतील." नानांनी तिथल्या तिथं शपथ घेतली की त्या दिवशी दोन्ही हात झब्ब्याच्या खिशात.

मग आम्ही बोलावणी करत निघालो. हळदीकुंकवाच्या बोलावण्याला एक पुरुष दारोदार हिंडतोय, हे मी नाशकात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. नाना भराभरा जिने चढत, बेल दाबत आणि बंगाली बायकांना समजावून सांगत, "तुमची दुर्गा माहेरी येते चार दिवस, आमची गौर येते महिनाभर! आम्ही लेकींना जास्त दिवस ठेवून घेतो!" बायका हसत, आणि येते म्हणत. नानांच्या अंगात नुसता वारा शिरला होता.

दोन ट्राम-स्टॉप पलीकडच्या एका गल्लीत मात्र त्यांची बडबड थांबली. जुनं तिमजली घर, अंगणात आंबा. हाच तो आंबा, मी ओळखलं. नाना म्हणाले, "वरच्या मजल्यावर एक घर आहे. तू जाऊन ये. मी जरा कैऱ्या बघतो."

वर गेले. दार उघडलं ते तिशीच्या आतबाहेरच्या एका बाईनं. बंगाली पद्धतीनं नेसलेली साडी, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. मी पाठ केलेलं बंगाली म्हणायला सुरुवात केली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मराठीत बोला. मी कुमुद. खाली आंब्याखाली उभे आहेत ना, ते माझे वडील."

मी न विचारताच आत शिरून बसले. नानांना मुलगी आहे हे मला सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती इथं, चालत पंधरा मिनिटांवर!

तिनं पाणी दिलं आणि सांगितलं. पाच वर्षं झाली होती बोलणं तुटून. शाळेत बरोबर शिकवणाऱ्या अनिमेषशी लग्न करायचं ठरवलं आणि त्याला घरी घेऊन गेली. त्यानं वाकून नमस्कार केला. नानांनी त्याच्या कुडत्याची बाही चिमटीत धरली, चोळली आणि म्हणाले, नंबर चार.

"अगं, पण ते तर सगळ्यांनाच..."

"मला ठाऊक नाही का? पाळण्यात असल्यापासून नंबर घेतेय मी. पण तो रेशमी कुडता अनिमेषच्या वडिलांचा होता. ते वारले त्याला वर्षही झालं नव्हतं. मुद्दाम त्यांचा घालून आला होता. तो उठून गेला. मी नानांना म्हटलं, जा, त्याची माफी मागा. तर म्हणाले, पारख खोटी कशी करू?" तिनं रिकामा पेला उचलला. "मग मीही निघाले. रजिस्टर लग्न केलं. मी गेले नाही, ते आले नाहीत."

"पण ते रोज येतात की!"

"आंब्याखाली येतात. साडेसहाला. मी पडद्याआडून बघते."

"मग उद्या येशील ना?"

"त्यांनी मला बोलावलंय?"

"अगं, साठ बायकांना बोलावलंय!"

"साठ बायकांना बोलावलंय," ती म्हणाली. "मला नाही."

मी तरातरा खाली आले. माझं डोकं पार फिरलं होतं. "नाना! एका लेकीला बोलवायची हिंमत नाही म्हणून अख्खं बालीगंज गोळा करताय होय?"

नाना आंब्याकडंच बघत म्हणाले, "कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्यात."

"खड्ड्यात गेल्या कैऱ्या!" मी भर रस्त्यात ओरडले. आजोबांच्या वयाच्या माणसाला! "तिला तिचं बोलावणं पाहिजे. तुमच्या तोंडून!"

"आणि नाही म्हणाली तर?" नानांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं, की माझा सगळा राग जिथल्या तिथं विरला.

"म्हणू दे नाना. पण विचारा तरी."

नानांनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. मग मान वर करून, गल्ली दणाणून जाईल अशा आवाजात हाक मारली, "कुमे! उद्या चार वाजता आपल्याकडे चैत्रगौर आहे! तू ये! बाकी कुणी नाही आलं तरी चालेल!"

समोरच्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या खिडक्या उघडल्या. रिक्षावाला घंटी वाजवायचा थांबला. वरच्या मजल्यावरची खिडकी तेवढी उघडली नाही. नाना मिनिटभर वाट बघून म्हणाले, "चल. अजून अकरा घरं राहिलीत." पण पुढच्या अकरा घरांत बेल मी दाबली. मीच बोलले.

दुसऱ्या दिवशी साठ कुठल्या, सत्तर बायका आल्या! पितळेची गौर पाळण्यात बसली होती, पुढं कलिंगडाचं कमळ, काकड्या, फुलं, रांगोळी. चटर्जींची आजी राग विसरून आली आणि आंबेडाळ तीनदा मागून गेली. गुलाबपाणी उडत होतं, चार भाषांचा कल्ला चालला होता, माझे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. आणि नाना जिन्याच्या वरच्या पायरीवर, हात खिशात घालून उभे. पावलं वाजली की कठड्यावरून वाकून बघायचे आणि आत येऊन मला सांगायचे, "मद्रासी. तिघी." पाच वाजले. साडेपाच वाजले. माझं सगळं लक्ष जिन्याकडं. हळदीऐवजी मी एका बाईला दोनदा कुंकूच लावलं.

सहा वाजायच्या सुमारास कुमुद आली. आपल्या पद्धतीनं साडी नेसून.

"आलीस?" नाना म्हणाले.

"आले."

"एकटीच?"

"हळदीकुंकवाला पुरुषांना कोण बोलावतं? अनिमेष खाली रस्त्यावर उभा आहे."

नाना अनवाणी धावत सुटले. मी खिडकीशी धावले, माझ्यामागं निम्म्या बायका. खाली एक चष्मेवाला उंच माणूस दिव्याच्या खांबाशी उभा होता. नाना त्याच्यासमोर जाऊन ठाकले आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात बंगालीत म्हणाले, "माझी पारख चुकली होती. मला माफ कर." आणि त्याला उत्तर द्यायला वेळही न देता मनगटाला धरून ओढतच वर आणलं, थेट सत्तर बायकांच्या मधोमध!

मराठी बायकांनी पदर सावरले. बंगाली बायकांना मात्र काही सांगावं लागलं नाही. चटर्जींची आजी ओरडली, "जामाई एशेछे!" आणि जावई आल्याच्या आनंदात त्यांनी जिभा हलवून असा काही उलुध्वनी केला, की पाळण्यातली गौर हलली असेल. आपल्या बायकांना ते येईना, म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या. अनिमेष लाजून लालबुंद झाला होता. मी कुमुदला हळदीकुंकू लावलं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी तिची ओटी भरली, गच्च!

या गोंधळात नाना दिसेनात. मी डाळ आणायला स्वयंपाकघरात गेले, तर ते तिथं होते, भिंतीकडं तोंड करून. खांदे हलत होते. मला पाऊल मागं घ्यावंसं वाटलं, तेवढ्यात माझ्या मागून कुमुद आत आली. तिनं त्यांच्याकडं बघितलं, पातेल्यातली चिमूटभर डाळ तोंडात टाकली आणि म्हणाली, "नाना, डाळीत मीठ कमी आहे."

"घाल मग," नाना भिंतीलाच म्हणाले.

कुमुदनं न बघताच दारामागच्या फळीवर हात टाकला. मिठाचा डबा तिथंच होता.