तात्यांची पहिली शिफ्ट

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी तात्या तोंडाने भोंगा वाजवतात. तो ऐकला की तीन-चार वर्षांची पोरं धडपडत जिना उतरतात, भिंतीवर बोट टेकवून "टिंग" म्हणतात आणि कामाला लागतात. हजेरी लागली, पहिली शिफ्ट सुरू.

तात्या मूळचे इथलेच गावकरी. त्यांच्याच शेतावर ही इमारत उभी राहिली, तरी निवृत्तीपर्यंत ते चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलाशी उभे राहिले. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. आता मुलगा दूर माण गावात राहतो आणि तात्या पार्किंगमध्ये तीन क्रेट मांडतात. हिरव्यात ओके, पिवळ्यात दुरुस्ती, लालमध्ये रिजेक्ट. पोरं बाटल्यांची झाकणं, फुटके चमचे, मोडक्या गाड्या निरखतात, त्यावरून भांडतात आणि मग कुठल्यातरी क्रेटात टाकतात.

"घाई न्हाई. आदी हातानं बगायचं, मंग डोळ्यानं," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी रडायला लागलं की, "ह्याची दुरुस्ती हाय, पाणी पाजा." एकदा माझी ईरा एका चावऱ्या मुलाला लाल क्रेटकडे ओढू लागली, तेव्हा मात्र ते गरजले, "ए! माणूस लालमधी जात न्हाई!"

आम्ही दोघं नोकरीवाले. ईरा सकाळभर तिथे रमायची, हे आमच्या सोयीचं होतं. त्याबद्दल तात्यांना साधं चहाला बोलवावं, हे मला कधी सुचलं नाही.

मग शाळाप्रवेशासाठी ईराची मुलाखत झाली. बाईंनी लाल चेंडू पुढे केला. "बेटा, हा कलर कोणता?"

ईराने चेंडू फिरवला, दाबून पाहिला. "रिजेक्ट."

"आणि हा यलो...?"

"दुरुस्ती!"

"घरी काही अभ्यास घेत नाही वाटतं तुम्ही?" बाईंनी मला विचारलं.

"शेजारी एक आजोबा आहेत, ते..." एवढंच बोलून मी थांबलो. पण दोष ढकलायचा तो ढकलून झाला होता.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचली. आयांनी ठरवलं, पोरं आता क्लासला जातील. "तात्यांना तुम्हीच सांगा," बायको म्हणाली, "तुमचं नाव घेऊन हाक मारतात ते."

सकाळी भोंगा झाला. कुणी आलं नाही. पुन्हा झाला. मी एकटाच खाली उतरलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील.

"चूक माझीच हाय, सुधीरभाऊ," तात्या म्हणाले. "आमच्या टेबलावर रंगाचं नाव कुनी घेतलंच न्हाई कदी."

मग चटईवर मांडी घालून बसले आणि मलाही बसवलं. "शाळंत काय म्हंत्यात, त्ये मला शिकवा."

मी एकेक शब्द सांगत गेलो.

"रेड. येल्लो. गिरीन." चुकले. डोळे मिटून पुन्हा म्हणाले. वर कुठल्यातरी घरातून पोरांचा आवाज आला, तसं त्यांनी वर पाहिलं.

"पाठ झालं, की," त्यांनी हळूच विचारलं, "पोरं मला खेळायला घेत्याल न्हवं?"