पृथ्वीराज कुठल्या गावचा?

पुण्याहून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी येताना पृथ्वीराजनं एसटीत एकच वाक्य घोकलं होतं. घरचे त्याला अजून प्रियदर्शनीच म्हणत. मुलगी म्हणूनच तो वाढला होता. आपण मुलगा आहोत हे त्यानं पुण्यात फार न बोलता सांगून टाकलं होतं. एके दिवशी 'आले'चं 'आलो' केलं आणि सगळ्या ऑफिसला काय ते कळलं. घरीही तसंच करायचं, असं त्यानं ठरवलं.

उंबऱ्यावर उभा राहून तो ठासून म्हणाला, "आई, मी आलो!"

"आलीस व्हय गं? हातपाय धू," आई आतून ओरडली. "मी बी आत्ताच गिरणीतनं आलो."

पृथ्वीराजनं कपाळावर हात मारून घेतला. कोल्हापुरात आयाबायाही 'आलो, गेलो'च म्हणतात, हे तो पुण्यात राहून साफ विसरला होता.

तेवढ्यात शेजारी राहणाऱ्या चिमणाआत्या लगबगीनं आत शिरल्या. "आलो म्हणाली न्हवं? मागल्या खेपंला नुसतं आले-गेले चाललेलं. पोरगी परत आपल्यात आली बघा!"

"आत्या, तसं न्हाय. मी पोरगा हाय."

"हायसच की!" त्याच्या वडिलांनी, आबांनी, पेपरातून मान वर काढली. "पोरासारखीच वाढवलीया तुला. फुटबॉल काय उगंच शिकवला?"

हाही डाव फसला, हे पृथ्वीराजनं ओळखलं. आता नावालाच हात घालायचा. "आबा, मला पृथ्वीराजबद्दल सांगायचंय."

आईनं पिठाचा डबा धाडकन खाली ठेवला. आबांनी पेपराची घडी केली.

"कुठल्या गावचा?"

"हितलाच. आपल्या पेठेतला."

"पेठेतला? मग आमाला कसा ठावं न्हाय?"

"ठावं हाय. पर वळखत न्हाईसा."

"करतो काय?"

"पुण्यात नोकरी. माझ्याच कंपनीत."

"स्वभाव कसा हाय?" आईनं विचारलं.

"भित्रा हाय. घरात सांगायला लई भ्यालाय."

"आमी काय खातोय व्हय त्याला?" आबा गरजले. "म्होरं आण की!"

आत्यांना एवढं पुरलं. जावयासाठी ओवाळणीचं ताट करायला त्या घरी पळाल्या.

"आबा, त्यो आलाय. तुमच्या म्होरंच बसलाय."

आबांनी दाराकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे. मग पृथ्वीराजकडे पाहिलं, आणि ते पाहतच राहिले. आईनं पदर तोंडाला लावला.

"मगाशी दारात म्हणालीस," आई कशीबशी म्हणाली, "ते ह्येच व्हय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"कळायला लागल्यापासनं."

आत्या ताट सावरत दारात हजर झाल्या. "जावई कुठं हाय?"

आबा दोनदा खाकरले. "जावई न्हाय, अक्का," ते म्हणाले. "ल्योक हाय."

"आँ? मग ह्यो दिवा कुणाला?"

"ह्यालाच," म्हणत आबांनी पृथ्वीराजला दंडाला धरून पाटावर बसवलं.

आत्यांना काहीच उमगलं नव्हतं. त्यांचं बोट कुंकवात बुडून तसंच राहिलं. तोच आईनं खुंटीवरची आबांची टोपी ओढून काढली, पृथ्वीराजच्या डोक्यावर घट्ट बसवली आणि डोळे पुसत त्याच्यावर खेकसली,

"उघड्या डोक्यानं ओवाळून घेत्यात व्हय रे?"