सत्तारभाईंकडचा गिअरबॉक्स

सत्तारभाईंच्या गॅरेजात गाडीसमोर गाडीची निंदा चालत नाही. तक्रार सांगायची तर रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जायचं, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने. एकदा दर्शनाला शेगावात आलेले पुण्याचे एक गृहस्थ बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "खटारा आहे नुसता." सत्तारभाईंनी पाना खाली ठेवला. "पह्यले तिले सॉरी म्हना. मंग पाहू." गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं गॅरेज दिसेना, तेव्हा पुटपुटले एकदाचे.

माझी गाडी वीस वर्षांची, ऑटोमॅटिक. पोलिओमुळे माझ्या डाव्या पायात जोर नाही, म्हणून बिनक्लचची हीच गाडी मला चालवता येते. शाळा अठरा किलोमीटरवर. एका सकाळी इंजिन नुसतंच गुरगुरलं. गाडी मागे जाई, पुढे हलेना. मागे मागे जात शाळा गाठणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. खामगावपर्यंतच्या सगळ्या मेकॅनिकांनी हात वर केले. "ऑटोमॅटिक आपल्याकडं होत नाही, सर. विकून टाका." विकली की मी पुन्हा फाट्यावर, कोणी मागे बसवून नेईल का याची वाट पाहत. शेवटी गाडी ओढून सत्तारभाईंकडे आणली.

"आधी इचारपूस, मंग पाना," हे सत्तारभाईंचं ब्रीद. टपरीवर त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. कधीपासून? थंड असताना, का गरम झाल्यावर? तेल कोणतं टाकलं?

"असतं तेच," मी म्हणालो.

त्यांनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची दांडी काढून एक थेंब पांढऱ्या रुमालावर टिपला. हे तेल लाल असावं लागतं. आमचं काळंकुट्ट. त्यांनी रुमाल हुंगला.

"सर, हे टॅक्टरचं हाय."

मी मान खाली घातली. सुट्टीत मेहुण्याच्या शेतावर तेल कमी दिसलं. "तेल ते तेल," म्हणत मेहुण्यानं डबा पुढे केला आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, तो ओतून मोकळा झालो होतो.

"लेकराले ताप आला तं बैलाचं औषध देसान काय?" एवढंच बोलून ते कामाला लागले.

गिअरबॉक्स उतरवला. घरची चादर अंथरून एकेक भाग काढला त्याच क्रमानं मांडला, शेजारी खडूनं आकडे घातले. तेलाची जाळी चिकट्यानं बुजली होती, आतल्या प्लेटा जळाल्या होत्या. नव्या अकोल्याहून येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात स्कूटर. "बसा, सर. गाडी माह्यापाशी हाय, तं तुमाले शाळेत पोचवनंही माह्याकडंच." मग हे रोजचंच झालं. आणायलाही तेच. माझी बायको चहा-पोहे द्यायची. पोह्यात दाणे कमी पडल्याचं निदान ते पहिल्या घासालाच करायचे. गाडीचं विचारलं की म्हणायचे, "होऊन राह्यली."

दोन आठवडे झाले. एक दिवस शाळा लवकर सुटली, तसा मी एका सहकाऱ्याच्या मागे बसून परस्पर गॅरेजवर गेलो. गाडी धुऊनपुसून उभी होती. मी चावी फिरवली, गिअर टाकला. गाडी अलगद पुढे सरकली.

"कधी झाली?"

"चार दिवस झाले." सत्तारभाई माझ्याकडे पाहत नव्हते. "आमची बेगम गेली तवापासून सकाळी माही वाट कोनी पाह्यत नाही, सर. तुमी बॅग घेऊन दारात उभे राह्यता, वैनी चहा ठेवते. म्हटलं, अजून दोन दिवस. चुकलंच माहं."

मला रागवायचं होतं, पण मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. वाट पाहणं किती जड असतं हे मला ठाऊक होतं. आपली वाट कोणी पाहावी म्हणून एखादा माणूस इतका भुकेला असेल, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"उद्या सातला या," मी म्हणालो. "शाळेपर्यंत बाजूला बसा. एकट्यानं चालवायची भीती वाटते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कसलीही भीती वाटत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

"हाव," ते म्हणाले. "मी यष्टीनं येतो वापस. नव्या प्लेटा आहेत, बसाले टाइम लागते."

"किती?"

"सांगता येत नाही, सर. सालभरही लागते."