भट्टीचा ताप

शिरोलीच्या कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीला तापमान नोंदवून ठेवणारं वायफायचं यंत्र बसवलं, तेव्हा बसवणाऱ्यानं सुपरवायझर जोतीरामला बजावलं होतं, "एन्क्रिप्शन चालू करून घ्या, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही. नाहीतर आकडे उघडेच फिरतील."

"भट्टीचा ताप कोण चोरतंय?" म्हणून जोतीरामनं ते तसंच ठेवलं.

पुढं एका मंगळवारी तो भट्टी तशीच तापत ठेवून जयसिंगपूरला मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेला. वहीत लिहिलं, 'वीज गेलती.' मालक धैर्यशीलरावांनी त्यावर विश्वास ठेवून पुण्याच्या पंप कंपनीला कळवलं, की वीज नव्हती म्हणून माल लांबला. चौकशीला कंपनीची इंजिनिअर शबनूर स्वतः आली. तिनं पाहुण्यांचा वायफाय मागून घेतला आणि लॅपटॉप उघडला.

"आमचा जोतीराम खोटं लिहिणारा माणूस न्हाय, मॅडम," मालक सांगत होते. "बारा वर्षं झाली की."

"वीज गेली की भट्टी गार होते," शबनूर म्हणाली. "तुमची मंगळवारी साडेतीन तास एकाच तापमानावर होती."

"तुमाला कसं कळलं?"

"तुमच्या वायफायवर सगळं उघडंच आहे. मी वाचलं, तसं कुणीही वाचेल."

मालकांनी जोतीरामकडं पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं जोतीरामला वाटलं. "साखरपुड्याला गेलतो," तो फरशीकडं बघत म्हणाला.

"माझ्या सहीनं खोटं गेलं, मॅडम," मालक हळू आवाजात म्हणाले. "माफ करा."

शबनूरनं ऑर्डर ठेवली, पण एन्क्रिप्शन आजच टाकायच्या अटीवर.

"मग कुणालाच वाचता येणार न्हाय न्हवं?" जोतीरामनं आशेनं विचारलं.

"किल्ली असेल त्यालाच येईल. एक मालकांकडं, एक माझ्याकडं."

दुसऱ्या दिवसापासून जोतीराम भट्टीपासून हलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकांसकट तिघांच्या ग्रुपवर शबनूरचा मेसेज आला, 'जोतीरामदादा, दहा मिनिटं काम थांबलेलं दिसलं. जेवत असाल तर सावकाश जेवा.'

कुणी जाब मागितला नव्हता. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. जोतीरामनं दोनदा लिहून खोडलं, आणि मग पाठवलं:

'जेवाय न्हाय मॅडम. तंबाखू खायला गेलतो. मालकांना सोडली म्हणून सांगितलंय.'